शाकारणीला आयुक्तांची सही

साध्या घराला रंग द्यायचा, भिंतीला गिलावा करायचा, फरशी बदलायची किंवा कौलं नवी टाकायची, तर महापालिकेला विचारावं लागत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत अशा किरकोळ कामांची यादीच आहे आणि बहुतेक शहरांच्या बांधकाम नियमांत ती थोड्याफार फरकाने उतरली आहे. घर वारसा यादीत गेलं की ही मोकळीक संपते. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमात, म्हणजे तेव्हाच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ६७ क्रमांकाच्या नियमात, आयुक्तांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय काय करता येणार नाही हे सांगताना पाडकाम आणि पुनर्विकासाच्या पंक्तीतच दुरुस्ती, गिलावा आणि रंगकामही बसवलं आहे. राज्यात पुढे जिथे जिथे वारसा नियम झाले, तिथे वळण साधारण हेच राहिलं. सज्जा तोडून बाल्कनी बांधणारा आणि मिरगाच्या आधी शाकारणी, म्हणजे कौलं चाळून छप्पर नीट करणं, उरकू पाहणारा, दोघेही एकाच खिडकीपुढे उभे. औषधाच्या चिठ्ठीला आणि शवविच्छेदनाला एकच फॉर्म ठेवावा, तसा हा प्रकार आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: यादीतलं जुनं घर पाडायची परवानगी मिळणं जवळपास अशक्य असावं आणि ते दुरुस्त करायला परवानगी लागूच नये, नुसती नोंद पुरावी. आज व्यवहारात नेमकं उलट चाललं आहे. दुरुस्ती करणाऱ्याला खेटे घालावे लागतात आणि हातावर हात ठेवून बसणाऱ्याला कुणी विचारत नाही. छप्पर खाली आलं की मात्र सगळे धावत येतात आणि जागा मोकळी करून देतात.

नियम करणाऱ्यांना नावं ठेवायचा हेतू नाही. श्याम चैनानींसारख्या माणसांनी वर्षानुवर्षं मंत्रालयाचे उंबरे झिजवले म्हणून शहरातला वारसा जपणारा देशातला पहिला नियम मुंबईत झाला. त्या वेळी समोर धोका होता तो बिल्डरचा. फोर्टातली दगडी इमारत रातोरात जाऊन तिथे काचेचा मनोरा उभा राहील, ही भीती खरी होती. म्हणून कुलूप मजबूत केलं गेलं. २०१८ साली ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोची मान्यता मिळाली, ती या नियमाशिवाय मिळाली असती असं मला वाटत नाही. पण त्या परिसरातले मोठे मालक कोण आहेत ते पाहा. न्यायालय, विद्यापीठ, बँका, सरकारी खाती, मोठे विश्वस्त निधी. त्यांच्या पदरी इंजिनियर असतात, कागदपत्रं सांभाळणारा कारकून असतो, सल्लागार वास्तुविशारद असतो. परवानगीला वर्ष लागलं तर दगडी भिंत वर्षभर थांबते.

पेठेतल्या वाड्याचं तसं नाही. तो थांबत नाही.

वाड्याची रचना माहीत असणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, पण नियम लिहिणाऱ्यांनी ती डोळ्यांसमोर ठेवलेली दिसत नाही, म्हणून सांगतो. खालचं जोतं घडीव दगडाचं. त्याच्यावर भार घेणारा सांगाडा सागवानी खांबांचा आणि तुळयांचा. मधल्या भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या, हात-दीड हात जाड. वरच्या मजल्याची जमीन म्हणजे कडीपाट: तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर. आणि सगळ्यात वर वासे, रिपा आणि कौलं. आता एक कौल सरकलं. माकडाने सरकवलं असेल, मांजराने असेल, वाऱ्याने असेल. पावसाचं पाणी थेट खाली टपकलं तर बरं, निदान बादली ठेवता येते. पण ते बहुतेक वेळा वाशावरून घरंगळत भिंतीच्या माथ्यावर येतं आणि तिथून आत उतरतं. तुळईचं जे टोक भिंतीत गाडलेलं असतं, ते कुणाला दिसत नाही. तिथे ओल धरते, लाकूड मऊ पडतं, पाठोपाठ वाळवी येते. तुळई बोटभर खाली बसते आणि आजवर नुसता आडोसा देणाऱ्या भिंतीवर भार यायला लागतो. मातीच्या ओल्या भिंतीला तो पेलत नाही, तिला पोट सुटतं. दोन-तीन पावसाळ्यांचा खेळ. पहिल्या उन्हाळ्यात हे काम गवंड्याच्या एका दिवसाच्या मजुरीचं होतं, चौथ्या उन्हाळ्यात ते काही लाखांचं होतं, आणि त्यानंतर ते दुरुस्तीचं राहतच नाही.

म्हणजे या घरांच्या बाबतीत उशीर हाच पाडकाम करतो. परवानगीची वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक जून महिना घराच्या आयुष्यातून वजा होतो.

एका शहरातल्या वाड्याची फाइल मी जवळून पाहिली आहे. शहराचं नाव सांगत नाही, कारण कुठल्याही शहराचं घातलं तरी चालेल. मागल्या सोप्यावरची, म्हणजे ओसरीवरची, कौलं आणि सात-आठ वासे बदलायचे होते, बाकी काही नाही. मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, कर भरल्याच्या पावत्या, परवानाधारक वास्तुविशारदाने काढलेले आत्ताचे आणि कामानंतरचे नकाशे, चारी बाजूंचे फोटो, स्ट्रक्चरल इंजिनियरचा अहवाल, असं सगळं बाड जमलं. कामानंतरचा नकाशा आणि आधीचा नकाशा अर्थातच तंतोतंत सारखे होते, कारण बदल काही नव्हताच. तरी दोन्ही लागले. मग फाइल परत आली. मिळकत पत्रिकेवरचे एक सहहिस्सेदार वारले होते आणि त्यांची वारस नोंद व्हायची होती. त्यांच्या एका मुलीचा पत्ता परदेशातला, तिच्याकडून कुलमुखत्यारपत्र मागवा. वासे कुजले होते सोप्याचे आणि कागद मागवला जात होता अटलांटिकपलीकडून. तेवढ्यात पाऊस आला. सोप्यावर निळी ताडपत्री चढली. आणि त्याच पावसाळ्यात त्याच कार्यालयाच्या दुसऱ्या खात्याकडून नोटीस आली: इमारत धोकादायक झाली आहे, तातडीने दुरुस्त करा किंवा उतरवून घ्या, अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्तहानीस आपण जबाबदार राहाल.

ही नोटीस काढणाऱ्याचंही चुकलं नाही. महापालिका अधिनियमाच्या २६४ व्या कलमाखाली पडायला आलेल्या इमारतींवर कारवाई करणं त्याचं कामच आहे, आणि पावसाळ्याच्या तोंडावर अशा नोटिसांचे गठ्ठे दर वर्षी निघतात. प्रश्न असा की एका खात्याचं पत्र म्हणतं हात लावू नका आणि दुसऱ्याचं म्हणतं आजच्या आज हात लावा, आणि दोन्ही पत्रांचा आवक-जावक क्रमांक एकाच इमारतीतला.

पुण्यात शनिवारवाड्याभोवती राहणाऱ्यांची तर आणखी वेगळी गत. शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली, तिने स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरचा पट्टा निषिद्ध आणि त्यापुढचा दोनशे मीटरचा पट्टा नियंत्रित ठरवला. निषिद्ध पट्ट्यात नवं बांधकाम नाही. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती करता येते, पण त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज, तिथून तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे, तिथून परत. कायद्यातल्या मुदती अशा: अर्ज पुढे पाठवायला पंधरा दिवस, प्राधिकरणाला दोन महिने, मग निर्णयाला एक महिना. सगळं घड्याळाच्या काट्यावर झालं तरी साडेतीन महिने. दिवाळी झाल्यावर अर्ज केला तर उन्हाळ्यात काम होईल. गळती मात्र दिवाळीनंतर आठवत नाही, ती आठवते जूनमध्ये, आणि जूनच्या अर्जाचं उत्तर पाऊस सरताना येतं. गंमत अशी की ज्या शनिवारवाड्याच्या शोभेसाठी हे सारं, त्याचा आतला वाडा १८२८ च्या आगीतच गेला. आज तिथे तट, दरवाजे, जोती आणि कारंजी आहेत. पेशवाईतलं माणसांनी गजबजलेलं घर कसं होतं हे ज्यांच्याकडे पाहून कळावं, ते आजूबाजूचे वाडेच त्या स्मारकाच्या नियमाखाली गळताहेत.

इथे कुणी म्हणेल, दोष परवानगीचा नाही, पैशाचा आहे. अर्धं खरं आहे. मोठा भाग भाड्याच्या कायद्याचा आहे. १९४० च्या पातळीला गोठवलेली भाडी १९४७ च्या कायद्याने पुढे चालवली. ही व्यवस्था काळाशी विसंगत झाली असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटल्यावर १९९९ चा नवा कायदा आला, त्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. महिना पंधरा रुपयांवर चार टक्के म्हणजे साठ पैसे. मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा अशी तरतूद कायद्यात आहे, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना साठ रुपये भाड्याच्या दोन खोल्यांना हा आकडा वर्षाला एकशे ऐंशी रुपये होतो. त्यात कडी सोडा, कडीला ठोकायचे खिळेही नीट येणार नाहीत. मुंबई शहरात, उपनगरं सोडून, उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्यातून एक दुरुस्ती मंडळ तरी उभं राहिलं. त्याच्या कारभारावर कुठल्याही चाळीतला माणूस तासभर बोलेल, पण निदान दाद मागायला एक दार आहे. पुणे, नाशिक, वाई, सातारा इथल्या वाड्यांना तेही नाही. गोव्यात भाडेकरूंपेक्षा वारसांचा गुंता मोठा. तिथल्या समान नागरी कायद्याने सगळ्या मुलांना हिस्सा, म्हणून तीन पिढ्यांनंतर एका घराचे तीस धनी, त्यातले निम्मे पोर्तुगालात किंवा लंडनमध्ये.

पण पैसा नाही म्हणून परवानगीचा जाच चालेल, असं थोडंच आहे? उलट ज्याच्या हाती चार पैसे आहेत आणि घर राखायची इच्छा आहे, त्याचे निम्मे पैसे नकाशे आणि अहवालांत जाणार असतील तर तो लवकरच दुसरा हिशेब मांडतो. भाडेकरू असलेल्या मोडकळीच्या इमारतींच्या पुनर्विकासाला राज्याच्या एकत्रित नियमावलीत जादा चटईक्षेत्राचं आमिष आहे. यादीतल्या घराला ते सरळ मिळत नसेल, पण घर पडल्यावर यादीत उरतं काय? थांबणाऱ्याच्या पदरी काहीतरी पडतं, डागडुजी करणाऱ्याच्या पदरी नोटीस. वारसा घराच्या न वापरलेल्या चटईक्षेत्राचा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरण्यासाठी विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळतो हेही मान्य. तो विकून मोठ्या मालकाचं भागतं. पाच भावंडांच्या तीन चौकी घराला मे महिन्यात गवंड्याच्या हातावर ठेवायला रोकड लागते.

खाजगी मालकाचं सोडा. भिडे वाड्याचं काय झालं? १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी जिथे मुलींची शाळा उघडली, ती पुण्यातली वास्तू. तिचं महत्त्व कुणी नाकारलं नाही. सरकारने नाही, महापालिकेने नाही, कुठल्याच पक्षाने नाही. स्मारकाच्या घोषणा झाल्या, भूसंपादनाचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षं चालला आणि तेवढा काळ वाडा भर रस्त्यावर खंगत राहिला. शेवटी महापालिकेच्या बाजूने निकाल लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये वाडा पाडला गेला, कारण तोवर तो राखण्याजोगा राहिला नव्हता. आता तिथे स्मारक. मला स्मारकाचं वावडं नाही. पण ज्या खोलीत त्या मुली पाटी घेऊन बसल्या त्या खोलीचे वासे वेळेवर बदलणं हे कुणाचंच काम नव्हतं, आणि नवी इमारत बांधणं हे मात्र सगळ्यांचं काम झालं, याचा राग येतो.

आता खरा आक्षेप. संवर्धनाच्या क्षेत्रातले लोक म्हणतात, दुरुस्तीला मोकळीक दिलीत तर लोक कौलं बदलतो म्हणून सांगतील आणि आतून सगळं उकरून आरसीसीचे कॉलम उभे करतील. हे घडतं, मी पाहिलंही आहे. दर्शनी महिरप तेवढी शिल्लक आणि मागे चार मजले. शिवाय अज्ञानाने होणारं नुकसान वेगळंच. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ती बाहेरून ठणठणीत दिसते आणि आतून कुजते, कारण जोत्यातून वर चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून निघून जाते, सिमेंटमधून जात नाही. तेव्हा काहीच लक्ष नको असं मी म्हणत नाही. पण आजच्या व्यवस्थेने हे थांबलं आहे का? ज्याला लबाडी करायची आहे तो अर्जच करत नाही. दिवाळीच्या सुट्टीत भिंत जाते आणि सोमवारी पंचनामा होतो. अर्ज करतो तो सरळ माणूस, आणि अडकतो तोच.

म्हणून कामांची ठाम यादी करा. कौलं, रिपा, वासे, पन्हळी, कुजलेल्या फळीच्या जागी तशीच फळी, चुन्याचा किंवा मातीचा गिलावा, वाळवीचा बंदोबस्त, वायरिंग, नळ, आणि हो, संडास-बाथरूम सुद्धा. घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला रात्री चौक ओलांडून मागल्या अंगणात जावं लागत असेल तर त्या घरात पुढची पिढी राहणार नाही, आणि ज्या घरात कुणी राहत नाही ते कुठलीच वारसा समिती वाचवू शकत नाही. ही कामं ‘जसं होतं तसंच’ या अटीवर, आधीचे फोटो जोडून, कळवून करायची. पंधरा दिवसांत कार्यालयाने हरकत घेतली नाही तर काम सुरू. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या कशाला? घर विकायला त्या लागाव्यात, गळती थांबवायला राहत्या हिस्सेदाराची पुरे. आणि तपासणी कागदाची नको, कामाची हवी. परातीवर चुना कालवलाय की सिमेंट, हे बघायला एक जाणकार कनिष्ठ अभियंता तासभर आला तरी भागतं. खांब, तुळया, दर्शनी भाग, चौक यांना हात लावायचा असेल तर मात्र समितीपुढे या. तिथे कडक राहा, आणखी कडक व्हा.

इंग्लंडचा दाखला आपल्याकडे फार लवकर दिला जातो, पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे यादीतल्या घराला विनापरवाना बदल करणं हा फौजदारी गुन्हा आहे, घराच्या आतल्या भागालाही संरक्षण आहे. मात्र त्या परवानगीच्या अर्जाला शुल्क नाही आणि साधारण आठ आठवड्यांत उत्तर द्यायचं बंधन आहे. बाकी शहाणपणाचा मक्ता त्यांच्याकडेही नाही. २०१२ पर्यंत तिथे यादीतल्या घरात मंजुरी घेऊन फेरबदल केले तर व्हॅट शून्य आणि नुसती दुरुस्ती केली तर पूर्ण व्हॅट, असा उफराटा हिशेब होता. तो सुधारला कसा, तर फेरबदलांवरही कर लावून!

मुदतीसाठी आपल्याला परदेशात जायचं कारण नाही. राज्याचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. सेवा अधिसूचित झाली की दिवस ठरतात, उशीर झाला तर पहिलं अपील, दुसरं अपील, पुढे आयोग. वारसा घराच्या दुरुस्तीची नोंद प्रत्येक महापालिका आणि नगरपालिकेने अशा अधिसूचित सेवांच्या यादीत ठळकपणे घालावी, आणि धोकादायक इमारतींच्या खात्याने वारसा यादीतल्या घराला नोटीस काढण्याआधी वारसा कक्षाचा माणूस बरोबर घेऊन जागेवर जावं. आधी टेकू लावा, मग नोटीस लिहा. टेकूचा खर्च नंतर मिळकतकरात चढवा हवा तर.

राहिला माल. चुना मळणारे गवंडी आणि जुन्या सांध्यांचं काम येणारे सुतार कमी झालेत, पण संपलेले नाहीत. काम मिळेल तिथे ते जातात. लाकडाची अडचण जास्त मोठी. पडलेल्या वाड्यांचं शे-दीडशे वर्षांचं सागवान लाकूडबाजारात जातं आणि तिथून फार्महाउसचे बार आणि हॉटेलांची दारं होतं. शेजारच्याच गल्लीत कुणी तसल्याच तुळईसाठी वणवण करत असतो आणि शेवटी लोखंडी गर्डर टाकून मोकळा होतो. महापालिका जिथे स्वतः धोकादायक वाडा उतरवते, तिथलं लाकूड मालकाकडून वाजवी भावाने घेऊन एका पत्र्याच्या शेडमध्ये लावून ठेवायला काय हरकत आहे? तुळया एका बाजूला, कड्या एका बाजूला, खांब लांबीप्रमाणे, आणि दुरुस्तीची नोंद केलेल्या घराला त्याच भावात. जागा लागेल एका प्लॉटची आणि माणसं दोन, एक मोजणारा आणि एक पावती फाडणारा.